विद्युत्क्षेत्र आणि खेळाडू मुलें

मैदानाच्या कडेनें उच्च दाबाच्या विजेच्या तारा गेल्या असल्या म्हणजे मुलाचा दम त्यांमुळें कमी पडतो कीं काय, ही शंका शहरांतील कित्येक पालकांस छळते. उलटपक्षीं, मनगटांत चुंबकाचें कडें घातलें कीं तोच मुलगा हरणासारखा धांवूं लागेल, असें सांगणारे विक्रेतेहि आहेत. एकास क्षेत्राचें भय, दुसऱ्याचें तेंच भांडवल!

ह्या समजुतींच्या मुळाशीं तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. बेडकाच्या पायाचा स्नायु विजेनें आंखडतो हें लुइजी गॅल्व्हानीनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून जाते तीहि विद्युत्स्पंदांच्या रूपानेंच. प्रश्न आहे तो क्षेत्राच्या बळाचा. भारतांतील घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. तिच्यामुळें घरांत उत्पन्न होणारें चुंबकीय क्षेत्र सामान्यतः एका मायक्रोटेस्लाहूनहि कमी असतें. डोळ्यांपुढें नुसते काजवे चमकण्यास, तेंहि अनुकूल अशा २० आवर्तनांस, कांहीं हजार मायक्रोटेस्ला लागतात. स्नायु आंखडण्यास त्याहून पुष्कळ अधिक. शिवाय तारेपासून दूर जावें तसें हें बळ झपाट्यानें घटतें.

२००२ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें अशा क्षेत्रांस ‘कदाचित् कर्करोगकारक’ ह्या वर्गांत घातलें, तें बालकांच्या रक्तकर्करोगाविषयींच्या मर्यादित पुराव्यावरून. तो विषय निराळा; दौडीशीं त्याची गल्लत करूं नये.

आतां कड्यांकडे वळूं. शरीराच्या ऊर्जाक्षेत्राशीं सुसंवाद साधणारें म्हणून ‘पॉवर बॅलन्स’ नांवाचें कडें जगभर खपलें. आपल्या दाव्यांस विश्वसनीय शास्त्रीय आधार नाहीं, असें त्याच्या विक्रेत्यांस डिसेंबर २०१० मध्यें ऑस्ट्रेलियांत जाहीरपणें कबूल करावें लागलें. मग दुकानांतील प्रयोग यशस्वी कसा होतो? मुलगा प्रथम कड्याविना एका पायावर उभा राहतो, मग कडें घालून. दुसऱ्या खेपेस तोल सांवरतो, कारण तोंवर शरीरास त्या कसरतीची संवय झालेली असते. क्रम उलटा करावा, म्हणजे कड्याची करामत बहुधा कड्याविनाच दिसूं लागते!

शिवाय ह्या वयांत मुलाची उंची एका वर्षांत ९-१० सेंटिमीटरहि वाढूं शकते. पाय लांबले कीं बसलेली चाल कांहीं काळ बिघडूं शकते, पुढें सुधारते. आणि त्याचा दोष तारांस, यश कड्यास मिळतें. रात्रीं उशिरापर्यंत जागणाऱ्या मुलाच्या झोंपेचा हिशेब मात्र क्वचितच कोणी घेतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलास ती ८ ते १० तास हवी.

तारांचें एक भय मात्र खरें आहे. ओला मांजा किंवा धातूची काठी उच्च दाबाच्या तारेजवळ नेल्यास प्रवाह शरीरांतून जमिनींत उतरूं शकतो, आणि त्यासाठीं प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असें नाहीं.