सुपर बोलच्या आकाशातला पहारा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सुरू झालेल्या ‘ऑपरेशन नोबल ईगल’ अंतर्गत त्याच्या आकाशावर ‘नोराड’ पहारा देते. अमेरिका आणि कॅनडा यांची ही संयुक्त संरक्षण यंत्रणा १९५८ पासूनची. तिच्या कामाविषयी काही समजुती मात्र चुकीच्या आहेत.

गैरसमज: राष्ट्रगीताच्या वेळी मैदानावरून जाणारी विमानेच पहारा देतात.
वस्तुस्थिती: ती मानवंदना असते. गस्तीवरची विमाने वेगळी असतात आणि सहसा प्रेक्षकांच्या नजरेस पडत नाहीत.

गैरसमज: त्या दिवशी सगळी हवाई वाहतूक बंद असते.
वस्तुस्थिती: निर्बंध तात्पुरते असतात. साधारणपणे मैदानाभोवती सुमारे ५५ किलोमीटरपर्यंत, १८,००० फूट उंचीखाली, ते लागू होतात. आतले सुमारे १८ किलोमीटरचे वर्तुळ अधिक कडक असते. तपासणी झालेली नियमित प्रवासी विमाने ये-जा करत राहतात.

गैरसमज: हवेत इंधन भरण्याची गरज फक्त दूरच्या युद्धात पडते.
वस्तुस्थिती: घिरट्या घालायलाही भरपूर इंधन लागते. प्रत्येक वेळी तळावर उतरावे लागले, तर पहाऱ्यात खंड पडेल. म्हणून केसी-१३५ सारखे टँकर विमान सोबत असते. सुमारे ९० टन इंधन वाहू शकणाऱ्या या विमानाच्या शेपटीकडून एक लांब नळी खाली उतरते. टँकरमधला कर्मचारी ती गस्तीवरच्या एफ-१६ लढाऊ विमानाच्या इंधनमुखात अचूक बसवतो. एक विमान इंधन घेत असताना दुसरे गस्तीवर राहू शकते.

गैरसमज: लढाऊ विमान एखाद्या विमानाकडे झेपावले, म्हणजे हल्ला झाला.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा समोर असतो निर्बंधांची सूचना न वाचता निघालेला छोट्या विमानाचा वैमानिक. त्याला आधी १२१.५ मेगाहर्ट्झवर हाक दिली जाते. उत्तर आले नाही, तर पंख हलवून खूण करतात, गरज पडल्यास लक्ष वेधण्यासाठी झगझगीत जळणारे फ्लेअर सोडतात. जमिनीवर पोहोचण्याआधीच ते जळून संपतात.

गैरसमज: विमान जितके वेगवान, तितके उपयोगी.
वस्तुस्थिती: संथ विमानाच्या बरोबरीने उडणे जेट विमानाला अवघड जाते. तिथे तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे कामी येतात.

रडार, गस्त, टँकर हे सारे मिळून निर्णयासाठी वेळ मिळवून देतात. हाक द्यायला, खूण करायला, वाट चुकलेल्याला सुखरूप परतवायला हाच वेळ लागतो. वैमानिकाने उड्डाणाआधी हवाई सूचना वाचली, तर त्याला हाक देण्याचीही गरज पडणार नाही.