होळी पेटवावी, तशी शांतही करावी

फाल्गुन पौर्णिमेचा चंद्र वर आला की देवगाव फाट्याच्या परिसरात वाडीवस्तीवर होळ्या पेटतात. गोवऱ्यांची रास, मध्ये एरंडाची फांदी, भोवती रांगोळी, सुवासिनींच्या हाती पुरणपोळीचा नैवेद्य आणि मुलांच्या बोंबांचा गजर! ज्या संस्कृतीत ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या स्तवनाने होतो, तिच्या घरोघरी हा दिवस मंगल मानला जावा यात नवल नाही.

परंतु याच दिवसांत सेलू तालुक्याच्या या भागात रब्बीची ज्वारी निघत असते. कडब्याच्या गंजी गोठ्यालगत रचलेल्या असतात, गहू कापणीस आलेला असतो आणि बांधावरचे गवत पार वाळलेले असते. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी वर्षाची वैरण घटकाभरात राख करू शकते. मग पावसाळ्यापर्यंत दावणीच्या मुक्या जिवांनी काय खावे?

विधीतच आहे मर्यादा

आपल्या पूर्वजांनी अग्नीला देव मानले, पण त्याला मोकळे कधीच सोडले नाही. यज्ञात त्याचे स्थान कुंडापुरते आखलेले असते. त्याच्याभोवती पाणी शिंपडतात. त्या विधीला पर्युक्षण असे नाव आहे. होळीभोवती पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घालण्याची रीत आहे आणि अखेरीस दूध शिंपडून ती शांत करण्याचीही. प्रज्वलन हे अर्धेच कर्म. शमन झाल्यावाचून ते पूर्ण होत नाही. आजचा ‘अग्निशमन’ हा शब्द याच विचाराशी नाते सांगतो.

म्हणून होळीची जागा गंजी, गोठा व विजेच्या तारा यांपासून दूर निवडावी. भोवतीचे गवत खरडून काढावे, पाण्याने भरलेल्या घागरी व ओली पोती हाताशी ठेवावीत. निखारे विझेपर्यंत एका जाणत्या माणसाने तेथून हलू नये. पऱ्हाट्या व धसकटे जाळतानाही हाच नियम. वारा सुटला असेल तर काडी ओढूच नये.

बंब येईपर्यंत

महाराष्ट्रात १९६५ च्या अधिनियमान्वये आग विझविणे हे नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीजवळ मात्र सहसा स्वतःचा बंब नसतो. फाट्याच्या परिसरास सेलू किंवा जिंतूर येथील नगरपरिषदेकडेच पाहावे लागते. बंब कितीही तातडीने निघाला तरी वाटेत वेळ जाणारच. तेव्हा प्रथम १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. गावाचे व वस्तीचे नाव, काय पेटले आहे आणि जवळची विहीर कोठे आहे, हे नेमके सांगावे. एका तरुणाने फाट्यावर उभे राहून बंबास वाट दाखवावी. इतरांनी जनावरांची दावी सोडावीत आणि आग पोहोचली नसेल तेथील कडबा दूर करावा. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या भागावर थंड पाणी सोडीत राहावे.

कायद्याचा धाक

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये मनाई केली व त्यासाठी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. होळीच्या नावाखाली टायर वा प्लॅस्टिक जाळणे म्हणजे पूजा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार जीवितास धोका होईल अशा हयगयीने आग हाताळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि शेजाऱ्याची गंजी जळाल्याचे दुःख दंडाने भरून येत नाही.

होळीनंतर काही आठवड्यांनी येणारा १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन होय. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके भरलेल्या जहाजाला आग लागली आणि ती विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. यंदा होळीला नारळ अर्पण करताना त्यांचेही स्मरण करावे, आणि घरी परतण्यापूर्वी राखेवर एक घागर पाणी अवश्य ओतावे.