शेपटीची नळी कशी वाकवतात?

गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या उत्तरेला बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात. विमान घरी बांधणारे मात्र राज्यात विरळाच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली.

जगभरच्या हौशी बांधणीत शेपटीचा सांगाडा बऱ्याचदा 4130 या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्यांचा असतो. अशी नळी नुसतीच वाकवली, तर वळणावर ती चपटी होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. म्हणून तिच्यात वाळू ठासून, तोंडं बंद करून लाकडी साच्याभोवती वळवतात. वाळू कोरडीठाक हवी. ओली वाळू भरून नळी तापवली, तर वाफेने बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं! दाब सोडल्यावर नळी थोडी उलगडते, त्यामुळे साच्याचं वळण मुद्दाम जरा घट्ट ठेवतात. 6061-टी6 ॲल्युमिनियमला हे लाड चालत नाहीत. घट्ट वळणावर ते तडकतं. वेल्डिंगनंतर पोलादी नळ्यांत जवसाचं गरम तेल फिरवून निथळवतात, म्हणजे आतून गंज धरत नाही.