केंगेलेनीची घंटा

नासिकचा शरणपूर रोड मला लहानपणापासून ठाऊक आहे. निदान मला तसे वाटत होते. शाळेत असताना सायकलवरून, पुढे नोकरी लागल्यावर स्कूटरवरून त्या रस्त्याने मी किती हजार वेळा गेलो असेन, देव जाणे. पण या गावाला शरणपूर का म्हणतात, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो पडला थेट समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या एका रहदारीच्या चौकात. आणि खरे सांगायचे तर तोही मला पडला नाही. दुसऱ्यानेच मला विचारला!

आमची धाकटी लेक लग्नानंतर केनियात गेली. जावई मोंबासाच्या बंदरात नोकरीला आहेत. 'बाबा, एकदा तरी या,' असा तिचा धोशा चालला होता, म्हणून गेल्या वर्षी आम्ही उभयता गेलो. मोंबासा पाहून आमच्या सौभाग्यवतींचे पहिले उद्गार असे, की 'अहो, हे तर आपले कोकणच!' तेच माड, तेच आंबे, तीच घामाची चिकचिक. बाजारात चपाती मिळते, मोटारीला 'गारी' म्हणतात आणि पैशाला 'पेसा'. हे शब्द आपल्या देशच्या व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेले.

मोंबासा हे बेट आहे. न्याली पूल ओलांडून उत्तरेकडच्या जमिनीवर उतरले, की थोड्याच अंतरावर केंगेलेनी नावाचा भाग लागतो. तेथे एका कमानीत जुनी घंटा टांगलेली आहे. स्वाहिली भाषेत केंगेले म्हणजे घंटा. तिच्यावरूनच त्या जागेला नाव पडले. भोवती माणसांनी ठासून भरलेल्या मटाटू गाड्यांचा गोंगाट, फळवाल्यांच्या आरोळ्या, आणि मध्ये ही मुकी घंटा. 'गुलाम पकडणारे आले, की ती वाजवीत,' असे लेकीने सांगितले. जवळच जुने चर्च आहे. मी ख्रिस्ती नव्हे, पण जुनी इमारत दिसली की आत डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. तेथे एक वृद्ध गृहस्थ बाकावर बसले होते. 'करिबू, म्झे,' म्हणून त्यांनी मला जवळ बसवले. म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. ते स्वतः माझ्याहून दहा वर्षांनी तरी वडील असतील! कोठून आलात, असे विचारल्यावर मी सवयीने 'इंडिया, बॉम्बेजवळ' म्हटले. लेकीने पुस्ती जोडली, 'नासिक.'

म्हातारबुवा एकदम ताठ बसले. 'नासिक? मग शरणपूर तुम्हाला ठाऊक असेल! त्या नावाचा अर्थ काय हो?'

माझी स्थिती काय झाली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. मी शब्दाची फोड करून सांगितली : शरण, म्हणजे आसरा, पूर, म्हणजे गाव. आसऱ्याचे गाव. लेकीने ते स्वाहिलीत सांगितले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून दोनदा मान हलवली. त्यांचे पणजोबा नासिकला सुतारकाम शिकले होते!

त्या दिवशी घरी आल्यावर मला चैन पडेना. पुढचे पंधरा दिवस मी जे मिळेल ते वाचले, राबईला जाऊन तेथले संग्रहालय पाहिले, आणि आमच्या गावाची हकीकत मला परदेशात कळली.

गेल्या शतकाआधीच्या शतकात झांजिबार हा गुलामांचा मोठा बाजार होता. न्यासा सरोवराकडच्या खेड्यांवर धाडी घालून माणसे पकडायची, किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची, आणि लवंगांच्या मळ्यांसाठी किंवा अरबस्तानात पाठवण्यासाठी विकायची. इंग्रज आरमाराच्या बोटी समुद्रावर गस्त घालून अशी गलबते पकडत. पण सोडवलेल्या पोरांना ठेवायचे कोठे? परत किनाऱ्यावर उतरवले तर ती पुन्हा पकडली जाणार. म्हणून पुष्कळांना मुंबईला आणले. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्रीसाहेबांनी नासिकजवळ १८५४ साली शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली होती. पुढे तेथेच या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम निघाला. ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी आणि लोहारकी शिकली. त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांना इंग्रजी नावे मिळाली. आईबापांनी ठेवलेली नावे मात्र बहुतेकांची कायमची हरवली. मुलाला आसरा द्यावा आणि त्याचे नाव घ्यावे, हा व्यवहार मला अजूनही पुरता पटलेला नाही. पण गलबताच्या तळाशी कोंबलेल्या पोराला त्या वेळी दुसरे कोण विचारत होते, हेही खरेच.

त्याच सुमारास मोंबासाकडे मिशनची अवस्था बिकट होती. क्राप्फ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये तेथे उतरला, आणि थोड्याच महिन्यांत त्याची बायको आणि तान्ही मुलगी तापाने गेली. दोन वर्षांनी रेबमान नावाचा दुसरा जर्मन त्याला येऊन मिळाला. दोघांनी राबई येथे ठाणे दिले. रेबमानने १८४८ मध्ये किलिमांजारोचे बर्फ पाहिले, तर विषुववृत्ताजवळ बर्फ कसले, म्हणून विलायतेतल्या विद्वानांनी त्याची टर उडवली. क्राप्फने स्वाहिलीचा मोठा कोश रचला. पण वर्षानुवर्षे खपूनही बाप्तिस्मा घेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. रेबमान तर त्या राबईत म्हातारा आणि आंधळा झाला.

त्याच्या मदतीला १८६४ मध्ये दोन आफ्रिकी तरुण बायकांसह आले, ते नासिकहून. एक विल्यम जोन्स, दुसरा इश्माएल सेम्लर. जोन्स लोहार होता. लहानपणी ज्या किनाऱ्यावरून विकला गेला, त्याच किनाऱ्यावर तो आता शिकवायला उतरला.

नासिकच्या इतर मुलांचे नाव लिव्हिंग्स्टनमुळे जगाला कळले. १८६६ च्या शेवटच्या सफरीवर त्याने आश्रमातली काही मुले बरोबर नेली. ती आळशी आहेत, अशी कुरकुर त्याने रोजनिशीत भरपूर केली आहे. पुढे १८७२ मध्ये मागाहून पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट हा नासिकचाच विद्यार्थी होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारला. माणसांनी त्याचे काळीज तेथे झाडाखाली पुरले, प्रार्थना वेनराइटने म्हटली, झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. मग सुसी, मुंबईत शिकलेला चुमा, वेनराइट आणि इतरांनी ते प्रेत कित्येक महिने पायी वाहून समुद्रावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत वेनराइट होता. नासिकच्या शाळेत मला लिव्हिंग्स्टन शिकवला गेला; वेनराइटचे नाव गुरुजींनी काढल्याचे आठवत नाही. त्यांनाही ते ठाऊक नसावे.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर १८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद करण्याच्या वाटाघाटींसाठी झांजिबारला गेले. (मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला आधी यांचेच नाव द्यायचे ठरले होते.) त्याच वर्षी सुलतानाने करार केला. मुक्त गुलामांसाठी किनाऱ्यावरच वसाहत काढावी, असे फ्रीअरनी सुचवले. ती काढायला मिशनने कोणाला धाडावे? शरणपूरच्या प्राइससाहेबांनाच! १८७५ मध्ये मोंबासासमोर फ्रीअरटाउन वसले, आणि नासिक-मुंबईहून आलेली सुमारे दीडशे माणसे तेथे शिक्षक, सुतार, लोहार म्हणून कामाला लागली. किनाऱ्यावर त्यांना 'बॉम्बे' म्हणूनच ओळखत. गलबतांवरून नवी माणसे उतरत, कोणाची भाषा कोणाला कळत नसे. त्यांना शेत नेमून देणे, पोरांना शाळेत बसवणे हे या 'बॉम्बे' मंडळींनी केले.

सगळे गोड होते असे नाही. काम तेच, पण गोऱ्या मिशनऱ्याचा पगार निराळा आणि यांचा निराळा. १८८० च्या सुमारास तर वसाहतीत फटके मारण्याची शिक्षा इतकी बोकाळली, की चौकशी करावी लागली. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या पाठीवर मिशनच्या आवारात वळ उठावेत, ही गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते.

जोन्सची पुढची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. १८८५ मध्ये तो आणि सेम्लर दीक्षित झाले. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, बरोबर जोन्स. वाटेत बहुतेक तांडा जोन्सच्या हवाली करून बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि ऑक्टोबरअखेर मारले गेले. जोन्सने उरलेला तांडा शेकडो मैल सांभाळून परत आणला. फेब्रुवारी १८८६ मध्ये तो राबईत शिरला, तेव्हा पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला एकच शब्द : इखाबोद. वैभव गेले, असा त्याचा अर्थ.

राबईला पळून आलेले गुलाम आसरा मागत. परक्यांचे गुलाम ठेवून घेऊ नयेत, असा मिशनचा दंडक होता, कारण मालक चिडून वसाहतच जाळतील ही धास्ती. पण माणसे येत राहिली, आणि राबईत जोन्स होता. स्वतः विकले गेलेल्या माणसाने दारातल्याला परत कसे पाठवावे? १८८८ मध्ये मालकांना पत्ता लागला आणि प्रकरण हातघाईवर आले. अखेर इंग्रज कंपनीचा अधिकारी मॅकेंझी याने भरपाईची तडजोड केली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबईत सुमारे चौदाशे जणांना मुक्ततेचे कागद मिळाले.

निघण्याआधी मी पुन्हा त्या चर्चकडे गेलो. घरात एखादा मराठी शब्द उरला आहे का, असे म्हातारबुवांना विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि हात हलवले. काहीच नाही. मग त्यांनी विचारले, 'तिथे नदी आहे ना? पणजोबा मोठ्या नदीची गोष्ट सांगत, असे आजी म्हणे.' मी म्हटले, 'आहे. गोदावरी.' ते नाव त्यांनी तीनदा माझ्याकडून म्हणून घेतले.

नासिकला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी शरणपूरला गेलो. तेथल्या चर्चचे आणि गोदावरीचे फोटो काढून लेकीकडे पाठवले. तिने ते मोठे करून नेऊन दिले. तिचे पत्र आले आहे, की नदीचा फोटो त्यांनी भिंतीला लावला, आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, असे विचारले आहे.