दापोडी ते हिवरे : जुन्नर परिसरातील एका विस्मृत वनस्पती उद्यानाचा इतिहास

प्रस्तावना

सार्वजनिक उद्यानांचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या हौसेपासून सुरू होतो. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरानजीकचे बुचार्ट उद्यान हे त्याचे ठळक उदाहरण होय. सिमेंट उद्योजक रॉबर्ट बुचार्ट व त्यांच्या पत्नी जेनी हे दांपत्य १९०४ च्या सुमारास तेथे स्थायिक झाले. चुनखडी संपलेल्या खाणीत जेनी यांनी बाग फुलविली व ती पाहण्यास लोक येऊ लागले. हे उद्यान आजही त्याच कुटुंबाच्या मालकीचे आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळील हिवरे येथे एकोणिसाव्या शतकात जे उद्यान उभे राहिले, त्याचा जन्म मात्र हौसेतून नव्हे, तर सरकारी हिशोबातून झाला.

दापोडीचे मूळ उद्यान

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये पुण्याजवळील दापोडी येथे कॅप्टन फोर्ड यांचा बंगला सरकारसाठी घेतला व त्याच आवारात वनस्पती उद्यान स्थापन केले. बाहेरून आणलेल्या उपयुक्त वनस्पती येथील हवामानात रुजवून पाहणे व त्यांची रोपे-बियाणे वाटणे, हा त्याचा हेतू होता. १८३८ मध्ये उद्यानाची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००-१८६७) या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आली. तत्पूर्वी देवी टोचण्याच्या कामानिमित्त त्यांनी दख्खन व खानदेशात भ्रमंती केली होती. त्यांना मराठी येत होती, ही बाब त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने गौण मानता येणार नाही.

हिवरे येथील शाखा

दापोडीच्या जोडीला गिब्सन यांनी हिवरे येथे दुसरे उद्यान विकसित केले. इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘हेवरा’ असा येतो. त्यामुळे स्थानिक अभ्यासकाच्या नजरेतून तो सहज निसटतो. येथे भर होता तो औषधी वनस्पतींवर. सोनामुखी, खुरासनी ओवा यांसारख्या वनस्पतींची लागवड करून औषधद्रव्ये सरकारी औषधभांडारास पुरविली जात. विलायतेहून येणाऱ्या औषधांवरील खर्च वाचविणे, हे त्यामागील सरळ गणित होते.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक वाटते. हिवऱ्याच्या पश्चिमेस, तळेघर-भीमाशंकरच्या डोंगररांगांत हिरड्यासारखी औषधी झाडे निसर्गतःच विपुल होती आणि तेथील महादेव कोळी समाजाला त्यांची पिढ्यानपिढ्यांची ओळख होती. सरकारी वाफ्यांत मात्र प्रतिष्ठा मिळाली ती विलायती औषधकोशास मान्य असलेल्या वनस्पतींना.

उद्यानाकडून अरण्याकडे

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगलतोडीमुळे झरे आटतात, असा इशारा देणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. त्याचबरोबर, डोंगर भाजून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला त्यांचा विरोध होता. वनरक्षणाचा विचार व वनवासींच्या हक्कांचा संकोच या दोन्ही गोष्टी या प्रदेशात एकाच दाराने आल्या, असे म्हणावे लागते.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका एतद्देशीय चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकाराचे नाव मात्र अज्ञातच राहिले. १८६१ मध्ये निकोल डालझेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासाचा तो एक पाया होय.

अस्त

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाले. गव्हर्नरांचे निवासस्थान गणेशखिंडीत नेण्याचे ठरल्यावर १८६५ मध्ये दापोडीचे उद्यान बंद झाले. गणेशखिंडीत १८७३ मध्ये नवे वनस्पती उद्यान स्थापन झाले. पुढे त्या जागी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आले. हिवऱ्याला असा वारस लाभला नाही. बुचार्ट दांपत्याच्या बागेस प्रेक्षक होते. हिवऱ्याच्या बागेस केवळ एक खाते होते. जुन्नर-आंबेगावातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन हिवऱ्याच्या शिवारातील जुन्या वृक्षांची नोंद केली आणि ती दापोडीच्या चित्रांशी व ‘बॉम्बे फ्लोरा’तील नोंदींशी ताडून पाहिली, तर कोणती झाडे त्या बागेतून आली असावीत, याचा शोध घेता येईल.