बंपर का चिकटत नाही?

आमच्या शेजारच्या मुलाला त्याच्या मामाने एक खोका आणून दिला. खोक्यात मोटार होती. पण जोडलेली नव्हे, सुटी. चाके वेगळी, टप वेगळा, बंपर वेगळा. सगळे प्लास्टिकचे. भाग तोडायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की झाली मोटार! खऱ्या मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी लांब.

अशा खोक्यांचा शौक अमेरिकेत १९५० नंतरच्या दहा वर्षांत फार वाढला. मोठी माणसेसुद्धा त्यात रमत. आजही रमतात. त्या काळच्या अमेरिकन मोटारींना चकचकीत बंपर आणि जाळ्या फार. म्हणून खोक्यातले ते भागही आरशासारखे चकाकणारे असत.

तर हा मुलगा दोन दिवसांनी माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, सगळं चिकटलं, पण बंपर दोनदा गळून पडला.”

बंपर का पडला? पाहा, हे चिकटवण्याचे औषध म्हणजे आपला डिंक नव्हे. ते प्लास्टिकला मऊ करते. दोन मऊ झालेले भाग एकमेकांत मिसळतात. मग औषध उडून जाते आणि सांधा पक्का होतो. पण मध्ये चकाकीचा थर आला, तर औषध प्लास्टिकपर्यंत पोचणार कसे?

नुसता सांधाच जोडायचा असेल, तर तेवढी जागा चाकूने खरवडली की पुरे. पण सगळा भाग नव्याने रंगवायचा असेल, तर थर पुरता काढावा लागतो.

तो थर कशाचा? सगळे त्याला क्रोम म्हणतात. खऱ्या मोटारीच्या लोखंडी बंपरवर क्रोमचा मुलामा असतो, हे खरे. खेळण्यावर मात्र तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. आधी प्लास्टिकवर रोगण देतात. मग ते बंद पेटीत ठेवून आतली हवा काढून घेतात. पेटीत ॲल्युमिनियम इतके तापवतात की त्याची वाफ होते. ती वाफ प्लास्टिकवर जाऊन बसते. थर किती पातळ? कागदाच्या जाडीचा सुमारे हजारावा हिस्सा!

ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले ‘जर्मन’. जर्मनचे पातेले सोड्याच्या पाण्यात उकळले की काळे पडते, हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. या धातूला खार सोसत नाही. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच मिळते, त्यातही खार असतो. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात ब्लीच घ्यावे व भाग त्यात बुडवावा. जर्मनचे भांडे घेऊ नये. थराबरोबर भांडेही खाल्ले जाईल. कधी पाच-दहा मिनिटांत चकाकी जाते. वर रोगणाचा हात असेल, तर रात्रभरही लागते.

चकाकी गेली तरी खालचे पिवळसर रोगण राहते. भाग साध्या पाण्याने खूप धुवावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाच्या स्पिरिटमध्ये काही तास ठेवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासावा. पुष्कळदा रोगण निघते. पाण्यात कालवायचे रंगही याच स्पिरिटने सुटतात. स्पिरिट लगेच पेट घेते, तेव्हा चूल, स्टोव्ह, विडी जवळ नको. खिडक्यांच्या पारदर्शक काचा यात टाकू नयेत. त्यांना बारीक तडे जाऊ शकतात.

आमच्या मुलाला एवढा धीर कुठला! नखांचा रंग काढायचे औषध घरात होते. “रंगच काढतं ना ते?” म्हणून त्याने बंपरचा एक तुकडा त्यात टाकला. थोड्या वेळाने पाहतो तो त्याचा चिकट गोळा! त्या बाटलीत ॲसिटोन होते. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल हे सगळे या प्लास्टिकला विरघळवतात.

बंपरवरच निभावले, हे नशीब. कारण काम लवकर व्हावे म्हणून तो ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड घालणार होता. त्याच्या आईने हात धरला. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ हाच वायू शत्रूवर सोडला होता. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला, तर माणूस दगावू शकतो. ब्लीचमध्ये स्पिरिट किंवा अमोनियाही घालू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या, रबरी हातमोजे घालावे, डोळे जपावे. डोळ्यात थेंब उडालाच तर बराच वेळ पाण्याने धुवावा आणि डॉक्टरकडे जावे.

उरलेले ब्लीच मुलाने सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरले होते. आईने ते ओतून टाकायला लावले. आता ब्लीच त्याच्या मूळच्या बाटलीतच, वरच्या फळीवर असते. बाटलीवरची चिठ्ठी आईने स्वतः वाचून पाहिली. अक्षरे फार बारीक होती, तिला वेळ लागला.

बंपरचा उरलेला भाग नीट निघाला. तुटका तुकडा मुलाने दुसऱ्या प्लास्टिकमधून कापून बसवला आणि वरून रुपेरी रंग दिला. पहिल्यासारखा तो चकाकत नाही. पण अजून गळून पडलेला नाही.