पुरलेल्या बाटल्यांतलं तण

कितीही खुरपलं तरी पुढच्या पावसात तण हजरच! त्याचं बी जमिनीत किती वर्षं तग धरतं? याच्या शोधासाठी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, आजच्या राज्य विद्यापीठात, विल्यम बील यांनी १८७९मध्ये २० बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया. पाणी साचू नये म्हणून तोंडं खाली.

बिया रुजतात का ते पाहायला ठरावीक काळाने एकेक बाटली उकरतात, तीही रात्री. कारण उजेडाची तिरीपसुद्धा काही बियांना जागं करते.

२०२१मध्ये सोळावी बाटली निघाली. सुमारे १४० वर्षं मातीखाली काढूनही ‘मॉथ म्युलेन’ या तणाच्या बिया चक्क रुजल्या! सुप्त बीसाठा एवढा चिवट असतो, म्हणूनच तण फुलोऱ्याआधी उपटायला हवं. प्रयोगातली पुढची बाटली २०४०मध्ये, तर शेवटची २१००मध्ये निघणार आहे.